खडकाने धरलेले आणि खडकाने सोडलेले

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव किंवा औंढा नागनाथ तालुक्यात, कयाधूचे पात्र कोरडे पडून गावच्या विहिरींनी तळ दाखविला, म्हणजे ज्या घराला विंधन विहीर घ्यावयाची असते ते घर आधी पाणाड्याला बोलाविते, मग भूजल सर्वेक्षणाच्या कार्यालयात अर्ज देते, आणि दोन्हीकडे एकच प्रश्न घालते : खाली पाणी आहे काय? या प्रश्नाच्या पोटात वस्तुतः दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. पहिला असा, की खडकाच्या पोकळ्यांत पाणी आहे किंवा नाही. दुसरा असा, की असलेले पाणी खडक आपल्या हातून सोडील किंवा नाही. पहिल्याचे उत्तर होकारार्थी असूनही दुसऱ्याचे नकारार्थी असू शकते, आणि हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळल्यामुळेच कित्येक कुटुंबांचा कर्जाऊ पैसा फत्तरात गाडला जातो.

ज्या काळ्या जमिनीवर या मुलखातील कापूस, सोयाबीन आणि वसमतकडची हळद उभी राहते, ती जमीनच या भेदाचा सर्वांत जवळचा दाखला आहे. बेसाल्ट झिजून जी चिकणमाती तयार होते तीत मॉन्टमोरिलोनाइट गटातील खनिजांचा भरणा मोठा असतो. या खनिजांचे पापुद्रे इतके पातळ आणि त्यांचे एकंदर पृष्ठफळ इतके विस्तीर्ण, की त्यांच्यामध्ये सापडलेला पाण्याचा रेणू कोणत्या ना कोणत्या पृष्ठभागापासून फार दूर कधी जाऊच शकत नाही. म्हणून पावसाने दीर्घ ओढ दिली आणि पिकाने माना टाकल्या, तरी त्याच जमिनीतील ढेकूळ तोलून, भट्टीत वाळवून पुन्हा तोलले तर वजनात चांगली घट आढळते. ओल असते, परंतु मुळांना ती मिळत नाही. हेच खनिज, हेच पाणी आणि हाच बंध जमिनीखाली तीन किलोमीटरवरच्या वालुकाश्माच्या कणांमध्ये आढळतो तेव्हा तेलाच्या अभियंत्यापुढे तोच शेतकऱ्याचा प्रश्न उभा राहतो, आणि तेथे चुकीच्या उत्तराची किंमत कोट्यवधी रुपयांत मोजावी लागते.

खडकात एकूण पोकळी किती, याला सच्छिद्रता म्हणतात, आणि त्या पोकळ्यांतून द्रव किती सुलभतेने वाहू शकतो, याला पार्यता. पार्यतेचे एकक ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते हेन्री डार्सी हे फ्रान्समधील दिजाँ शहराचे अभियंता होते, आणि १८५६ साली त्यांनी आपला नियम प्रसिद्ध केला तो त्या शहराच्या कारंज्यांचा व पाणीपुरवठ्याचा वृत्तांत लिहीत असताना. तेलाच्या चांगल्या खडकाची पार्यता डार्सीच्या हजाराव्या भागात, म्हणजे मिलिडार्सीत, मोजली तर ती दहा, शंभर किंवा हजारही भरते. ज्याला तेलक्षेत्रावर घट्ट खडक म्हणतात त्याची पार्यता मिलिडार्सीच्या दशांशाहूनही कमी असते, आणि पुष्कळदा त्या दशांशाचाही शतांश. त्याची सच्छिद्रता शेकडा दहाच्या आत, बहुधा पाच-सहाच्या घरात. आणि त्यातील पोकळ्यांना जोडणारे गळे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे किंवा त्याहूनही कितीतरी अरुंद. अशा खडकात विहीर खोदली तर तेल आपण होऊन येत नाही. प्रचंड दाबाने पाणी व वाळू आत रेटून खडकाला भेगा पाडाव्या लागतात, आणि त्या भेगा कोठे पाडावयाच्या हे आधी ठरवावे लागते. हा निर्णय ज्या मापनांवर घेतला जातो त्यांपैकी अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाची नोंद हा या प्रकरणाचा विषय आहे.

विहिरीत उपकरण सोडून खडकाची मोजणी करण्याची विद्या ५ सप्टेंबर १९२७ रोजी फ्रान्सच्या अल्सास प्रांतात, पेशेलब्रॉन येथे जन्मास आली. कॉनरॅड आणि मार्सेल श्लुंबर्जे या बंधूंच्या मंडळींनी त्या दिवशी तेलविहिरीत विद्युदग्र सोडून खडकाचा विद्युत्-रोध खोलीनुरूप नोंदविला. खारे पाणी विजेला वाट देते, तेल देत नाही. एवढ्या साध्या तत्त्वावर पुढे १९४२ साली अमेरिकन अभियंता गस आर्ची यांनी जे समीकरण बसविले, त्याने जगातील अगणित तेलसाठ्यांचे हिशेब मांडले गेले. परंतु हे समीकरण स्वच्छ वालुकाश्मासाठी रचलेले होते. घट्ट खडकात चिकणमातीचा अंश येतो, ती स्वतःच वीज वाहून नेते. पोकळ्या इतक्या थोड्या असतात की तेल आणि पाणी यांच्यामुळे पडणारा फरक खडकाच्या स्वतःच्या रोधापुढे नगण्य ठरतो. न्यूट्रॉनची नोंद हायड्रोजन मोजते खरी, परंतु चिकणमातीच्या स्फटिकात घट्ट बसलेला हायड्रोजनही ती पोकळीच्या खाती जमा करते. घनतेच्या नोंदीवरून सच्छिद्रता काढावयाची तर खडकाच्या कणांची घनता आधी ठाऊक असावी लागते, आणि ज्या खडकात चार-पाच खनिजे मिसळलेली आहेत तेथे ती कोणी सांगावी? ही तिन्ही साधने आपापल्या जागी उत्तम आहेत, आणि आजही त्यांच्यावाचून एकही विहीर पुरी होत नाही. मात्र द्रव कोणत्या स्थितीत आहे, खडकाला चिकटून आहे की मोकळा, या प्रश्नावर त्यांच्यापैकी एकही स्वतःच्या माहितीने साक्ष देत नाही.

ती साक्ष हायड्रोजनचे अणुकेंद्र देते. हे अणुकेंद्र म्हणजे एकच प्रोटॉन. त्याला अंगचा परिवलनाचा गुण असतो आणि त्यामुळे तो सूक्ष्म चुंबकासारखा वागतो. बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावले की असंख्य प्रोटॉनांपैकी काहीसे अधिक प्रोटॉन त्या क्षेत्राच्या दिशेला अनुकूल होतात, आणि त्यांना आडवे ढकलले तर ते क्षेत्राभोवती एका ठरावीक कंप्रतेने फिरू लागतात. ही कंप्रता क्षेत्राच्या तीव्रतेच्या अगदी प्रमाणात असते : एका टेस्लाच्या क्षेत्रात सेकंदाला सुमारे ४ कोटी २६ लाख फेरे, आणि पृथ्वीच्या स्वतःच्या क्षीण क्षेत्रात जेमतेम दोन हजार. नेमक्या याच कंप्रतेच्या रेडिओलहरीने प्रोटॉनांना ढकलता येते, दुसऱ्या कोणत्याही कंप्रतेला ते दाद देत नाहीत, म्हणून या घटनेला अनुस्पंदन म्हणावयाचे. इसिडोर राबी यांनी १९३८ साली रेणूंच्या शलाकांवर हा परिणाम दाखविला. घन व द्रव पदार्थांत तो प्रथम आढळला तो १९४५ च्या अखेरीस व १९४६ च्या आरंभी, आणि तोही अमेरिकेतील दोन विद्यापीठांत जवळजवळ एकाच वेळी. हार्वर्डला एडवर्ड पर्सेल यांनी पॅराफिन मेणातील प्रोटॉनांचा संकेत टिपला, स्टॅनफर्डला फेलिक्स ब्लॉख यांनी पाण्यातील प्रोटॉनांचा. पुढे तेलविहिरीत या विद्येला ज्या दोन पदार्थांतला भेद सांगावयाचा होता, त्या पेट्रोलियमजन्य पदार्थाचे आणि पाण्याचेच हे पहिले दोन नमुने असावेत, हा योग मला नेहमी विलक्षण वाटत आला आहे. दोघांना १९५२ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

स्टॅनफर्डच्या त्याच प्रयोगशाळेत एक भारतीय शास्त्रज्ञ काम करीत होते, त्यांचे स्मरण येथे केलेच पाहिजे. एस. एस. धर्मट्टी यांनी आर्नोल्ड व पॅकार्ड यांच्यासमवेत १९५१ साली साध्या मद्यार्काचा जो वर्णपट प्रसिद्ध केला त्यात एकाच रेणूतील हायड्रोजनाच्या तीन निरनिराळ्या जागांचे तीन स्वतंत्र उंचवटे स्पष्ट दिसत होते, आणि रसायनशास्त्राला रेणूची रचना वाचण्याचे नवे साधन या तीन उंचवट्यांतून मिळाले. धर्मट्टी पुढे मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि या विषयाचे अध्ययन त्यांनी तेथे रुजविले. तेलविहिरीतील उपकरणाला मात्र हे तीन उंचवटे कधी दिसत नाहीत. त्याचे चुंबकीय क्षेत्र प्रयोगशाळेतल्यासारखे एकसारखे नसते, जागोजाग बदलते, आणि त्यात रेणूच्या रचनेचे बारकावे पुसले जातात. ते उपकरण वाचते ते काळ : ढकललेले प्रोटॉन किती वेळात आपली एकतानता गमावतात, एवढेच.

आणि या एवढ्यातच सगळे येते. आडवे ढकललेले प्रोटॉन एकत्र फिरत असतात तोवर त्यांचा संकेत उपकरणाच्या वेटोळ्यात उमटतो. हळूहळू ते परस्परांपासून विस्कळीत होतात आणि संकेत विरतो. क्षेत्राच्या विषमतेमुळे येणारा विस्कळीतपणा उलटविता येतो, हे अर्विन हान यांनी १९५० साली दाखविले. योग्य क्षणी दुसरा धक्का दिला की मागे पडलेले आणि पुढे गेलेले प्रोटॉन पुन्हा एका रांगेत येतात आणि एक प्रतिध्वनी ऐकू येतो. कार आणि पर्सेल यांनी १९५४ मध्ये व मायबूम आणि गिल यांनी १९५८ मध्ये या युक्तीची अशी साखळी रचली, की एकामागून एक शेकडो, हजारो प्रतिध्वनी मिळावेत आणि त्यांची उतरती कमान पाहून खरा विरामकाल काढता यावा. या कालाला टी-२ म्हणतात. भांड्यातल्या मोकळ्या पाण्यात तो दोन-तीन सेकंद असतो. तेच पाणी खडकाच्या सूक्ष्म पोकळीत कोंडले, तर रेणू भटकत भटकत भिंतीवर आदळतो, भिंतीवरील लोहादी अणूंच्या चुंबकत्वाने त्याच्या प्रोटॉनाची एकतानता तत्काळ मोडते, आणि पोकळी जितकी लहान तितक्या वारंवार हा आघात होतो. म्हणून मोठ्या पोकळीतील पाण्याचा टी-२ शेकडो मिलिसेकंद, लहान पोकळीतील दहा-वीस, आणि चिकणमातीच्या पापुद्र्यांत अडकलेल्या पाण्याचा तीनहून कमी. संकेताचा आरंभीचा आकार सांगतो की द्रवातील हायड्रोजन किती. त्याचा उतार सांगतो की तो हायड्रोजन कशाच्या तावडीत आहे. खडकाच्या स्फटिकांत बांधलेल्या हायड्रोजनाचा संकेत मिलिसेकंदाच्याही सूक्ष्म अंशात नाहीसा होतो, उपकरणाला तो ऐकूच येत नाही. म्हणून न्यूट्रॉनच्या नोंदीत शिरणारी ती भर येथे आपोआप वगळली जाते.

विहिरीत हे सारे उतरविणे सोपे नव्हते. १९६० च्या सुमारास ब्राउन आणि गॅमसन यांनी कॅलिफोर्नियात जे पहिले उपकरण चालविले ते पृथ्वीच्याच चुंबकीय क्षेत्रावर विसंबून होते. विहिरीत छिद्रणाचा चिखल, ज्याला तेलक्षेत्रावर सर्वजण मड म्हणतात, काठोकाठ भरलेला असतो, आणि त्या मडमध्ये खडकातल्यापेक्षा कितीतरी अधिक पाणी असते. त्याचा संकेत खडकाच्या संकेताला बुडवून टाकी. तोड अशी काढली गेली, की मडमध्ये मॅग्नेटाइटची पूड मिसळावयाची, म्हणजे त्या लोहखनिजाच्या सान्निध्यात मडमधील प्रोटॉन तत्क्षणी मुके होतात आणि खडकातले तेवढे बोलत राहतात. तजवीज चतुर होती, पण प्रत्येक विहिरीत टनावारी खनिज घुसळणे कोणाही छिद्रण-प्रमुखाला मानवणारे नव्हते, आणि ती पद्धत मागे पडली. मॅग्नेटाइटचा हा गुण वाचकांनी ध्यानात ठेवावा. हिंगोलीच्या खडकाकडे वळल्यावर तो पुन्हा आपल्यापुढे येणार आहे.

खरी कोंडी फोडली ती लॉस अलामॉसच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेतील जॅस्पर जॅक्सन यांनी, १९७० च्या दशकाच्या अखेरीस. रुग्णालयातील एम.आर.आय. यंत्रात रोगी चुंबकाच्या पोटात झोपतो. विहिरीत चुंबकच खडकाच्या पोटात जातो, म्हणून क्षेत्र आत नव्हे तर बाहेर पाडावे लागते. जॅक्सन यांनी समोरासमोर ठेवलेल्या दोन चुंबकांच्या योगाने विहिरीच्या भिंतीपलीकडे, खडकातच, सम तीव्रतेचे एक कडे निर्माण करून दाखविले. कंप्रता त्या कड्याशी जुळविली की उत्तर तेवढ्याच खडकाचे येते, आणि मड कितीही पाणीदार असला तरी मौन पाळतो. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या न्यूमार कंपनीने या तत्त्वावर व्यापारी उपकरण घडविले, ते १९९० च्या दशकाच्या आरंभी विहिरींत उतरले, आणि त्याच दशकात श्लुंबर्जे कंपनीने विहिरीच्या भिंतीला टेकून चालणारे दुसऱ्या घाटाचे उपकरण आणले. दोहोंची पोच भिंतीपासून काही सेंटिमीटरच. आणि नेमक्या तेवढ्याच भागात मडचे पाणी झिरपून मूळचे तेल वा वायू मागे सारलेला असण्याचा संभव असतो, ही मर्यादा कोणत्याही अर्थनिर्णयात विसरता येत नाही.

आता मुक्त आणि बद्ध यांच्यामधील सरहद्द कोठे आखावयाची? प्रयोगशाळेत खडकाचा नमुना मिठाच्या पाण्याने पूर्ण भरून त्याचा टी-२ मोजतात, मग तो अपकेंद्री यंत्रात वेगाने फिरवून सुटू शकेल तेवढे पाणी बाहेर काढतात आणि पुन्हा मोजतात. दोन आलेखांची तुलना केली की ज्या कालमर्यादेच्या अलीकडचे पाणी मागे राहिले ती मर्यादा हाती येते. वालुकाश्मात ती सामान्यतः ३३ मिलिसेकंद धरतात, चुनखडकात ९२, कारण चुनखडकाच्या भिंतीत लोहाचा अंश थोडा असल्याने प्रोटॉन तेथे अधिक काळ टिकतात. हे आकडे पाठ्यपुस्तकांतून आणि संगणकाच्या प्रणालींतून इतके रुळले आहेत, की नवशिका अभियंता त्यांना निसर्गनियमच समजू लागतो. घट्ट खडकात ही समजूत घातक ठरते. तेथे ज्या पोकळ्यांतून भेगा पाडल्यावर वायू खरोखर वाहतो, त्यांतील पाण्याचा टी-२ पुष्कळदा दहा मिलिसेकंदांच्याही आत असतो. ३३ ची फूटपट्टी लावली तर सगळा खडकच बद्ध ठरतो आणि उत्पादन देऊ शकणारा थर कागदावर नापास होतो. त्या-त्या थराचा नमुना आणून, त्या-त्या थराची मर्यादा काढावी, याला दुसरा मार्ग नाही, आणि नमुन्याचा खर्च वाचविण्याची काटकसर ही या कामातील सर्वांत महाग काटकसर होय.

घट्ट खडकातील दुसरी अडचण संकेताच्या क्षीणतेची आहे, आणि ती मला अधिक मूलभूत वाटते. उपकरणाच्या विद्युत्-गोंगाटामुळे सच्छिद्रतेच्या मापनात शेकडा एकाची चूक राहते असे धरू. खडक शेकडा पंचवीस सच्छिद्र असेल तर तिची कोणी पर्वा करीत नाही. खडक शेकडा पाच असेल, तर तीच चूक मापनाच्या पंचमांशाएवढी होते. आणि पार्यता काढण्याच्या एका रूढ सूत्रात सच्छिद्रतेचा चतुर्थ घात येतो. पाचाऐवजी सहा वाचले की पार्यता दुप्पट दिसते, चार वाचले की निम्म्याहून कमी. भेगा पाडण्याच्या खर्चाचा सारा ताळेबंद या एका आकड्यावर उभा असतो. उपाय एकच, पुनःपुन्हा मोजून सरासरी काढणे. परंतु गोंगाट निम्मा करावयाचा तर मोजण्या चौपट कराव्या लागतात, उपकरण अतिशय सावकाश वर ओढावे लागते किंवा जागच्या जागी थांबवावे लागते, आणि दर तासाला छिद्रणमंचाचे भाडे चढत जाते. गोंगाटाच्या थरांखालून अतिक्षीण संकेत उकरून काढण्याची विद्या विज्ञानाच्या अनेक शाखांना समान आहे; औंढा नागनाथजवळ ज्या लायगो-इंडिया वेधशाळेला केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये अंतिम मंजुरी दिली, तिच्या चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा गुरुत्वीय तरंग टिपतील त्या याच विद्येच्या परमोच्च रूपाच्या आधारे.

याहून बिकट अशी स्थिती, की काही संकेत मोजण्यापूर्वीच संपतो. उत्तम उपकरणाचा पहिला प्रतिध्वनी धक्क्यानंतर सुमारे ०.२ मिलिसेकंदांनी येतो. ज्या पाण्याचा टी-२ एक सेकंद आहे त्याचे या अवधीत काहीच बिघडत नाही, ज्याचा ०.१ मिलिसेकंद आहे त्याचा संकेत तेवढ्यात सातव्या हिश्शावर आलेला असतो. शेलसारख्या अतिसूक्ष्म खडकात हा न ऐकलेला अंश मोठा असतो, आणि तेथे टी-२ बरोबरच प्रोटॉनांना क्षेत्राच्या दिशेला वळण्यास लागणारा काळ, म्हणजे टी-१, मोजून दोहोंचे गुणोत्तर पाहतात. चिकणमातीतील पाण्यात हे गुणोत्तर लहान राहते, सेंद्रिय द्रव्यात अडकलेल्या जड तेलात ते बरेच वाढते, आणि ज्यांचे टी-२ सारखेच अल्प आहेत असे दोन द्रव येथे एकमेकांपासून वेगळे होतात.

वायूची गोष्ट निराळी आहे. मिथेन विरळ असतो. तेवढ्याच पोकळीत पाण्याच्या तुलनेत हायड्रोजन कमी भरतो, आणि त्याचा टी-१ काही सेकंदांचा असल्यामुळे उपकरणाने पुरेशी वाट पाहिली नाही तर त्याचे प्रोटॉन वळण्यापूर्वीच धक्का बसतो. परिणामी अनुस्पंदनाची नोंद सच्छिद्रता कमी सांगते. याच थरात घनतेची नोंद ती अधिक सांगते, कारण हलक्या वायूमुळे खडक हलका भासतो. दोन नोंदी एकमेकींपासून जेथे फाकतात तेथे वायू आहे, आणि किती फाकतात त्यावरून किती आहे याचा अंदाज बांधता येतो. दोन साधनांच्या दोन विरुद्ध दिशांच्या चुकांतून सत्य काढण्याची ही रीत मला भूभौतिकीतील अत्यंत सुंदर युक्तिवादांपैकी एक वाटते.

महाराष्ट्राचा तेलाशी संबंध आला तो समुद्रामार्गे. सागर सम्राट या छिद्रणमंचाने फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबई हाय येथे तेल शोधले, मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले, आणि त्याच वर्षी वसईच्या समुद्रातील वायूचा साठा सापडला. या क्षेत्रांतील मुख्य खडक चुनखडक आहे, आणि त्यात डोळ्यांना दिसणाऱ्या पोकळ्यांशेजारी सूक्ष्मदर्शकाखालीही मुश्किलीने दिसणाऱ्या पोकळ्या एकाच मुठीएवढ्या नमुन्यात नांदतात. साधी सच्छिद्रता दोहोंचा एकच आकडा सांगते, टी-२ चा आलेख त्यांची फाळणी करून दाखवितो. मुंबई हायच्या चुनखडकाखाली ग्रॅनाइटी पट्टिताश्माचा आणि बेसाल्टचा जो जुना तळ आहे, त्याच्या भेगांतूनही तेल मिळाले आहे. बडोद्याजवळच्या पादरा क्षेत्रात तर दख्खनच्या बेसाल्टमधूनच तेल येते. आणि राजस्थानच्या बाडमेर खोऱ्यातील रागेश्वरी येथे खोलवरच्या ज्वालामुखी खडकांतून, त्यांना जलदाबाने भेगा पाडून, वायू काढला जातो, घट्ट वायुसाठ्याचे ते आपल्या देशातील ठळक उदाहरण आहे. म्हणजे ज्या जातीच्या काळ्या फत्तरावर हिंगोली वसली आहे, तो फत्तर तेल-वायूचे भांडार होऊ शकतो, ही कल्पनेची भरारी नाही.

तथापि त्यावरून हिंगोलीच्या भूमीखाली साठा आहे असे अनुमान काढणे सर्वथा अनुचित होईल. पादरा व रागेश्वरी येथील बेसाल्टमध्ये तेल-वायू निर्माण झाला नाही; तो शेजारच्या गाळाच्या, सेंद्रिय द्रव्याने समृद्ध अशा खडकांत निर्माण होऊन तेथे शिरला. दख्खनच्या पठाराखाली असा गाळ कोठे आणि किती आहे, हा वर्षानुवर्षे चाललेला शोध आहे, आणि त्याची आशा नर्मदा व तापी यांच्या पट्ट्यात विशेष आहे. मराठवाड्याची प्रत्यक्ष साक्ष उत्साहवर्धक नाही. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला जे छिद्र घेतले गेले त्यात ३३८ मीटर बेसाल्ट लागला, त्याखाली अवघा ८ मीटर गाळ, आणि लगेच प्राचीन स्फटिकी खडक. कोयनेला बेसाल्टची जाडी सव्वा किलोमीटरच्या आसपास निघाली, आणि त्याखाली गाळ न लागता थेट ग्रॅनाइटी खडकच लागला. पूर्वेकडे हे आवरण पातळ होत जाते. पैनगंगा हिंगोलीची हद्द सोडून वणीकडे उतरते तेव्हा तिच्या काठी गोंडवन काळचे दगडी कोळशाचे थर आणि त्याहूनही प्राचीन चुनखडक उघडे पडतात. त्या थरांचा काही अंश पश्चिमेस बेसाल्टखाली सरकत गेला असेल काय, एवढा प्रश्न विचारणे मात्र शास्त्राला धरून आहे.

हा प्रश्न विहिरीत अनुस्पंदनाचे उपकरण सोडून सोडवावयाचा म्हटले, तर मॅग्नेटाइट आडवा येतो. कॅलिफोर्नियाच्या अभियंत्यांनी मडमध्ये जी पूड बाहेरून आणून मिसळली, तिच्याच जातीचे टायटॅनियमयुक्त लोहखनिज दख्खनच्या बेसाल्टमध्ये कणाकणाने मूळचेच आहे. प्रत्येक कण आपल्या भोवती स्वतःचे लहानसे चुंबकीय क्षेत्र धरून बसतो, पोकळीतील प्रोटॉन त्या विषम क्षेत्रातून भटकताना एकतानता हरवितो, आणि मोठ्या, मोकळ्या पोकळीतील पाण्याचाही टी-२ आखडून बद्ध पाण्यासारखा दिसू लागतो. पाण्यातून साकळलेल्या खनिजांनी भरलेल्या पोकळ्यांच्या मांजऱ्या खडकात आणखी भर पडते, कारण त्यात हिरवट क्लोराइट व लोहयुक्त चिकणमाती असते. हीच अडचण जमिनीवरून पाणी शोधण्याच्या अनुस्पंदन-पद्धतीलाही बाधते. १९८० च्या दशकात नोवोसिबिर्स्कच्या शास्त्रज्ञांनी जमिनीवर शंभर मीटर व्यासाचे तारेचे वेटोळे पसरून, पृथ्वीच्याच क्षेत्रात, खालच्या भूजलाच्या प्रोटॉनांचा संकेत टिपण्याची रीत सिद्ध केली. वाळूच्या आणि ग्रॅनाइटच्या प्रदेशांत ती चांगली चालते, परंतु चुंबकीय खडकांत पृथ्वीचे क्षेत्र जागोजाग बदलत असल्याने संकेत कित्येकदा हातीच लागत नाही. सेनगावच्या शेतकऱ्याला आज भूजल सर्वेक्षक विद्युत्-रोधाचे मापन करून सल्ला देतो, त्यामागे हे सबळ कारण आहे.

म्हणून बेसाल्टमधील द्रवाची परीक्षा या साधनाने घ्यावयाची असेल, तर काम विहिरीत नव्हे, नमुन्यावर सुरू झाले पाहिजे. कोयनेच्या परिसरात खोल छिद्रे घेऊन बेसाल्टचे अखंड नमुने काढले गेले आहेत, आणि कराडला त्या कामासाठी बोअरहोल भूभौतिकी संशोधन प्रयोगशाळा उभी आहे. अशा नमुन्यांपैकी घट्ट काळा पाषाण, मांजऱ्या, आणि दोन प्रवाहांमधील लाल मातीचा थर असे निरनिराळे तुकडे घेऊन प्रत्येकाची चुंबकीय ग्राह्यता मोजावी. मग त्यांना पाण्याने भरून, प्रतिध्वनींमधील अंतर पायरीपायरीने बदलीत टी-२ काढावा. अंतर बदलताच टी-२ बदलला, तर तो खडकातील लोहकणांच्या क्षेत्राचा परिणाम. अंतर बदलूनही तो तसाच राहिला, तर तो पोकळीच्या आकाराचा. या कसोटीला उतरणारे थर कोणते हे एकदा निश्चित झाले, की त्यांच्यापुरती सरहद्द अपकेंद्री यंत्रावर आखता येईल, आणि तीच आखणी विंधन विहिरीच्या पाण्यालाही तितकीच लागू पडेल.